मदत हवी आहे: घातक वस्तू मुलांच्या हाताशी ठेवल्यास दुकानदाराची जबाबदारी किती?

गेल्या आठवड्यात एका दुकानात तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या दाहक द्रावणाच्या बाटल्या सर्वांत खालच्या फळीवर, खेळण्यांच्या शेजारी मांडलेल्या होत्या आणि माझ्या तीन वर्षांच्या मुलाने त्यांतली एक उचललीसुद्धा. सुदैवाने अनर्थ टळला. मी तक्रार केली, तेव्हा व्यवस्थापकांनी सांगितले, की झाकण मुलांना उघडता न येणारे आहे, पुढचे पालकांनी पाहावे.

हे उत्तर मला पटले नाही. अशा झाकणांसाठीच्या आयएसओ ८३१७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत किमान ८५ टक्के मुलांना पहिल्या पाच मिनिटांत, आणि उघडण्याची रीत दाखवल्यानंतरही किमान ८० टक्के मुलांना ते उघडता येऊ नये, एवढीच अपेक्षा असते. म्हणजे काही मुले ते उघडणार, हे मानकानेच गृहीत धरलेले आहे. शिवाय आधीच्या कुणी ग्राहकाने झाकण सैल करून ठेवले असेल, तर ही चाचणीही निरुपयोगी. आणि अशा द्रावणांत बहुधा असणाऱ्या सोडियम हायड्रॉक्साइड या दाहक रसायनाचा एक घोटही अन्ननलिका कायमची जाळू शकतो.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे, की केवळ मांडणीमुळे इजा झाल्यास उत्पादकाखेरीज दुकानदारावरही निष्काळजीपणाचे स्वतंत्र उत्तरदायित्व येते का? धोका लेखी कळवल्यानंतरही मांडणी बदलली नाही, तर ‘पूर्वकल्पना होती’ हे सिद्ध करण्यास ती तक्रार उपयोगी पडते का? पालक सोबत असल्याने दुकानदाराची जबाबदारी संपते की केवळ विभागली जाते? तक्रारीचा मसुदा कुणी तपासून दिल्यास आभारी राहीन.