दोन डोस घेऊनही आईला कोविड झाला, मग लशीने केलं काय?

वाईची_लेक, फेब्रुवारी २०२२
आई ६७ वर्षांची, शुगर आहे. कोविशिल्डचे दोन्ही डोस झालेत, ८ मार्च आणि १२ एप्रिल २०२१ ला. दुसऱ्यानंतर काखेत अवधाण आलं, म्हणजे गाठ सुजली, आठवडाभर हात वर होईना. डिसेंबरात अँटिबॉडी तपासल्या तर अगदी कमी. आणि ११ जानेवारीला पॉझिटिव्ह आलीच. तीन दिवस ताप, घसा धरला. ऑक्सिजन ९६ च्या खाली गेला नाही. आता बूस्टरचा मेसेज आलाय, पण ती म्हणते, "पहिल्या दोन पाण्यात गेल्या, तिसरी कशाला?" तिला पटेल असं कुणी सांगाल का?

सिस्टर_एएनएम
ताई, मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. १६ जानेवारी २०२१ ला पहिल्याच दिवशी मी स्वतः लस घेतली. तेव्हापासून रोज दहा डोसच्या कुप्या फोडतेय. कुपीवर वेळ लिहायची, चार तासांत संपवायची.

आईंना त्या अवधाणापासून सांगा. पायाला काटा लागला की जांघेत अवधाण येतं, तसंच हे. आपण दंडात अर्धा मिली टोचतो. त्यात चिंपांझीच्या सर्दीचा विषाणू असतो, शरीरात वाढू न शकणारा. तो कोरोनाच्या काट्याची, म्हणजे स्पाइकची, कृती पेशींना देतो. पेशी काही दिवस तो काटा बनवतात. पहारेकरी पेशी त्याचे तुकडे उचलून काखेतल्या गाठीत नेतात. तिथे बी पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, भराभर वाढतात, थोड्याथोड्या बदलत जातात, आणि काट्याला जी घट्ट धरेल तीच टिकते. निवडणीसारखं हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. म्हणून गाठ सुजते, दुखते. मलाही बोराएवढी आली होती.

त्यातून अँटिबॉडी तयार होतात आणि मागे आठवण ठेवणाऱ्या पेशी राहतात. अँटिबॉडी काही महिन्यांत उतरतात. डिसेंबरचा रिपोर्ट तेवढंच सांगतो; आठवणीच्या पेशी त्या तपासणीत दिसतच नाहीत.

पराग_पुणे
पण मग लागण झालीच कशी?

सिस्टर_एएनएम
दंडातल्या लशीच्या अँटिबॉडी मुख्यतः रक्तात असतात. फुफ्फुसात त्या बऱ्यापैकी पोचतात, नाकाच्या ओल्या अस्तरावर फार कमी. विषाणू शिरतो नाकातूनच. त्यात ओमायक्रॉन, म्हणजे कोरोनाचं बदललेलं रूप; त्याच्या काट्यात तिसाहून जास्त बदल, त्यामुळे जुन्या अँटिबॉडीची पकड सैल पडते. पण टी पेशी वेगळ्या. त्या लागण झालेली पेशी ओळखून मारतात, आणि ज्या तुकड्यांवरून ओळखतात त्यातले बरेचसे ओमायक्रॉनमध्येही तसेच आहेत. आठवणीच्या पेशींना जागं व्हायला दोन-चार दिवस लागतात. तेवढ्यात ताप, घसा होतो. विषाणू खाली फुफ्फुसात उतरेपर्यंत फौज उभी असते.

ओमायक्रॉन मुळात थोडा सौम्य आहे हेही खरं, त्यामुळे आईंच्या बाबतीत लशीचा वाटा किती हे मोजून सांगता येणार नाही. पण एप्रिल २०२१ मध्ये याच वयाची, शुगरची, लस न मिळालेली माणसं आमच्या दारातून रुग्णवाहिकेत चढवलीत मी. लस पाण्यात गेली असं मला कुणी म्हटलं की फार लागतं.

पराग_पुणे
माझी कोव्हॅक्सिन. तीही अशीच?

सिस्टर_एएनएम
तिच्यात अख्खा मारलेला विषाणू आणि सोबत प्रतिसाद वाढवणारं औषध. आत पेशींना काटा बनवावा लागत नाही. गाठीतलं पुढचं काम तेच.

वाईची_लेक
आईला वाचून दाखवलं. अवधाणाचं तिला लगेच पटलं. विचारतेय, आता कधी यायचं?

सिस्टर_एएनएम
बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं, म्हणजे साधारण २० एप्रिलनंतर. आधीच्या डोसला ज्या नंबरवर नोंद केली होती तो मोबाइल सोबत आणा. आणि अवधाण ज्या बाजूला आलं होतं तो हात नको म्हणाल्या तर मला सांगा, दुसऱ्या दंडात देऊ.