कोअर टू डुओ + जी४१ वर पीएसपी आणि पीएस-वनचे गेम अडकतात, काय करावं?

लातूरकर_गेमर
मशीन: कोअर टू डुओ ई७५००, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ (एकच स्टिक), ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १० ६४ बिट. पीपीएसएसपीपी या इम्युलेटरवर (दुसऱ्या मशीनचे गेम पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर) सोनीच्या पीएसपीचे गेम ६०-७० टक्के स्पीडने चालतात, आवाज तुटतो. रेट्रोआर्च या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पीएस-वनचे (पहिला प्लेस्टेशन) गेमसुद्धा स्क्रीनवर गर्दी झाली की अडकतात. दुपारी तर लईच. गेम माझ्या स्वतःच्या डिस्कवरून काढलेले आहेत. नवीन मशीन जमणार नाही, हजार-दीड हजारात काही होतंय का?

नांदेडचा_जुगाडू
पैसे खिशातच राहू द्या. आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरखाली काय लिहिलंय ते बघा. «मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर» असेल तर चित्राचं सगळं ओझं प्रोसेसरच वाहतोय. चिपसेटच्या नावापुढे कंसात «मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन – डब्ल्यूडीडीएम १.१» असेल तर डायरेक्टथ्रीडी चालतं, पण त्या ड्रायव्हरात ओपनजीएल नाही (गेमचं चित्र काढायच्या या दोन वेगळ्या पद्धती). मग विंडोजचं स्वतःचं ओपनजीएल १.१ वापरलं जातं आणि तेही प्रोसेसरवरच. अशा मशीनवर रेट्रोआर्चचा व्हिडिओ ड्रायव्हर जीएल ठेवून उपयोग नाही. डी३डी११ (डायरेक्टथ्रीडी ११) करा, नाही उघडला तर डी३डी९. पीपीएसएसपीपीतही बॅकएंड (चित्र काढायची पद्धत) डायरेक्टथ्रीडी ठेवा. तिसरी पद्धत व्हल्कन, ती या चिपसेटवर नाहीच. ओपनजीएल हवंच असेल तर इंटेलचा विंडोज ७ चा ड्रायव्हर «हॅव डिस्क»मधून (ड्रायव्हरची फाईल स्वतः निवडायचा विंडोजचा पर्याय) हाताने टाकावा लागतो. आधी रिस्टोर पॉइंट (बिघडलं तर विंडोज मागे नेता येईल अशी नोंद) करा, आणि विंडोज अपडेट तो ड्रायव्हर परत बदलू शकतं हे ध्यानात ठेवा.

मग अडतंय कुठं ते शोधा. पीपीएसएसपीपीत स्पीड दाखवणं चालू करा. एकाच गेममध्ये, एकाच जागी उभं राहून रेंडरिंग रिझोल्यूशन २x आणि १x असं बदला. १x म्हणजे पीएसपीचं मूळ ४८० × २७२. स्पीड वाढला तर ग्राफिक्स अडतंय, जागचा हलला नाही तर प्रोसेसर. फक्त एफपीएसवर (सेकंदाला किती फ्रेम) जाऊ नका. पुष्कळ पीएसपी गेम मुळातच ३० एफपीएसचे आहेत, स्पीड १०० टक्के असेल तर तक्रार करण्यासारखं काही नाही.

ग्राफिक्स अडत असेल तर १x, टेक्स्चर अपस्केलिंग बंद, अ‍ॅनिसोट्रॉपिक बंद. प्रोसेसर अडत असेल तर फ्रेमस्किप १ (मधली एक फ्रेम न काढता सोडणं), स्प्लाइन-बेझिए कर्व्हची क्वालिटी लो, लेझी टेक्स्चर कॅशिंग चालू. «स्किप बफर इफेक्ट्स»ने स्पीड चांगला वाढतो, पण काही गेममध्ये सावल्या गायब होतात नाहीतर स्क्रीन काळी पडते, म्हणून तो त्या-त्या गेमपुरताच लावा. सॉफ्टवेअर रेंडरिंग (सगळं चित्र प्रोसेसरवर काढणं) चुकूनही चालू नको. पीएसपीचा सीपीयू क्लॉक वाढवायचा सल्ला जिकडे-तिकडे दिसतो. जुन्या मशीनवर त्याने काम उलट वाढतं. तो ऑटोवर राहू द्या.

आवाजाचं म्हणाल तर बफर मोठा केला की अधूनमधूनची खरखर जाते. स्पीडच ७० टक्के असेल तर कितीही बफर द्या, आवाज वेळेत तयारच होत नाही.

परभणी_हार्डवेअर
«दुपारी तर लईच» हे वाचून मी आधी कॅबिनेट उघडलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याखालच्या खोलीत तर विचारू नका. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. गेम चालू ठेवून कोअर टेम्पमध्ये (प्रोसेसरचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) अर्धा तास बघा. ८५-९० च्या पुढे जात असेल तर हीटसिंक काढा, पात्यांमधली धूळ ब्रशने झाडा, जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवीन पेस्ट लावा. ७७५ सॉकेटच्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात. त्यातली एक अर्धवट बसली तरी हीटसिंक एका बाजूने उचललेला राहतो. समोरासमोरच्या पिना जोडीने दाबा आणि बोर्डाच्या मागून चारही बाहेर आल्यात का ते बघा.

दुसरं, एकच स्टिक. ई७५०० चा बस (प्रोसेसर-रॅममधला रस्ता) १०६६ चा, त्यामुळे ड्युअल चॅनेलचा (दोन स्टिक एकदम वापरण्याचा) प्रोसेसरला फारसा फायदा नाही. पण जी४१ चं ग्राफिक्स नॉर्थब्रिजमध्ये (बोर्डावरची मुख्य चिप) बसलेलं आहे आणि रॅम थेट वापरतं, त्याला दुसरा चॅनेल लागू पडतो. तेवढीच दुसरी स्टिक टाका. सेकंडहँड ४ जीबी घेताना दोन्ही बाजू मिळून १६ चिपा मोजून घ्या. ८ चिपावाली या बोर्डांवर बहुतेक वेळा उठत नाही.

बीड_रेट्रो
पीएस-वनसाठी कोर (रेट्रोआर्चमध्ये लावायचं इम्युलेटरचं इंजिन) कोणता लावलाय? बीटल असेल तर तिथंच गाडी अडली. पीसीएसएक्स-रीआर्म्ड लावा, रिझोल्यूशन मूळ ठेवा. रन-अहेड, रिवाइंड, शेडर (चित्रावरचे इफेक्ट) तिन्ही बंद. रन-अहेड एकच फ्रेम पुन्हा-पुन्हा चालवतं, म्हणजे काम दुपटीच्या आसपास जातं. थ्रेडेड व्हिडिओ (चित्राचं काम वेगळं चालवणं) चालू केला तर दोन कोअरवर बरं पडतं. बटणाला किंचित उशीर जाणवेल. विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स. एसएसडीच्या नादी एवढ्यात लागू नका, गेम लवकर उघडेल पण चालेल तेवढाच.

लातूरकर_गेमर
डब्ल्यूडीडीएम १.१ वालाच निघाला. कोर बीटल एचडब्ल्यू होता, व्हिडिओ ड्रायव्हर जीएल. दोन्ही बदलले, पीएस-वन आता सुरळीत. पीएसपी १x वर ८५-९० पर्यंत येतो, रिझोल्यूशन १x-२x बदलून काही फरक नाही. जीटी ७१० टाकलं तर पीएस-टूपण चालेल का?

नांदेडचा_जुगाडू
रिझोल्यूशनने फरक नाही म्हणजे आता प्रोसेसर अडतोय. कार्डावर खर्च केला तरी पीएसपी त्याच ८५-९० वर राहील. आधी परभणीकरांनी सांगितलेलं तापमान तपासा, मग फ्रेमस्किप १.

पीएस-टूचा विचार सोडा. मुख्य प्रोसेसर, दोन व्हेक्टर युनिट आणि ग्राफिक्स सिंथेसायझर, एवढं सगळं दोन कोअरवर एकाच वेळी चालवायचं असतं. साधे टू-डी गेम कदाचित रेटतील, बाकी नाही. जीटी ७१० फक्त १९ वॅटचं आहे, वेगळी पॉवर वायर लागत नाही, म्हणून जुन्या एसएमपीएसवरही (पॉवर सप्लाय) चालतं. पण त्याचा उपयोग पीएस-वन किंवा हलके पीएसपी गेम २x वर बघायचे असतील तरच. घेतलंच तर कॅबिनेट बारकं आहे का बघून तशी कार्डाची आखूड पट्टी सोबत मागा.

परभणी_हार्डवेअर
हा धागा वाचून कुणी सेकंडहँड प्रोसेसर बदलायला निघालं असेल तर: नव्या पीसीएसएक्स-टूला (पीएस-टूचा इम्युलेटर) आणि डकस्टेशनला (पीएस-वनचा) एसएसई ४.१ (प्रोसेसरमधला एक इन्स्ट्रक्शनचा संच) लागतं. ते ई७५०० मध्ये आहे, पण पेंटियम ड्युअल कोअर ई५२०० ते ई५८०० मध्ये नाही. दुकानदार दोन्ही एकच म्हणून देतात. पावतीआधी सीपीयू-झेडमध्ये (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) इन्स्ट्रक्शनची ओळ वाचा.