चिमणी ठेवली म्हणजे गिरणगाव राखलं?

लालबागकर: कालच्या धाग्यात एकाने आपल्या मुंबईच्या परळ-लालबाग गिरणगावातल्या फिनिक्स मिलच्या चिमणीचा फोटो टाकून लिहिलंय, "मॉल झाला तरी ओळख जपलीच ना? रडगाणं पुरे." वाचून डोकंच फिरलं. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ ने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते : पालिका (मैदानांसाठी), म्हाडा (घरांसाठी), मालक. २००१ ला दुरुस्ती करून वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती ठेवली. शेड पाडून निघालेली जमीन मालकाच्या घशात. २००६ ला सुप्रीम कोर्टानेही त्यावर शिक्का मारला. तिथे मैदानं आणि कामगारांची घरं झाली असती तर ओळख वेगळी जपावी लागली नसती.

सरळमाणूस: तो "एकाने" म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजू नका. जुन्या शेड न पाडता ठेवून तरी काय होतं? कमला मिलच्या आवारात पब काढले, २०१७ च्या आगीत १४ जीव गेले. आणि गिरण्या काय एकट्या मालकांनी बुडवल्या? १९८२ चा संप कोणी ताणला?

साचेवाला: आलात का संपाचे पुढारी डॉक्टर सामंतांवर! माझे वडील बदली कामगार. डबा घेऊन गेटवर उभं राहायचं, नंबर लागला नाही की तोच डबा घेऊन घरी. मान्यताप्राप्त युनियनने कधी विचारलं नाही, म्हणून कामगार स्वतःहून दत्ता सामंतांकडे गेले. मालकांना तर संप हवाच होता.

परळची_पोर: हवा होता तर त्यांच्या सापळ्यात अडीच लाख माणसं नेली कोणी? आईचं मंगळसूत्र संपात गहाण पडलं, ते सुटलंच नाही. सभेत टाळ्या पिटणारे खानावळीची उधारी फेडायला आले नव्हते.

साचेवाला: तुमच्या घरचे कामावर परत गेले असतील लवकर.

परळची_पोर: तोंड सांभाळून. बाबा शेवटपर्यंत बाहेर होते.

लालबागकर: अरे, विषय जमिनीचा आहे! संपाचा वेगळा धागा काढा.

सरळमाणूस: बरं बाबा, म्हाडाला पुरता वाटा मिळायला हवा होता. झालं समाधान? पण गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडा लॉटरीत लागलेलं घर विकून लोक गावी जातातच की. मग कसली ओळख?

साचेवाला: काकांना २०१६ च्या लॉटरीत लागलं. कुठे? पनवेलजवळ कोनला! म्हातारा माणूस तिथून परळच्या डॉक्टरकडे येतो. विकायचंच आहे, गिऱ्हाईक असेल तर पाठवा, दलालीही देऊ तुम्हाला.