मदत हवी आहे: अल्सरेटिव्ह कोलायटिस, तीन डॉक्टर, तीन सल्ले (ठाणे)

खाडीकाठ:
रुग्ण माझा भाऊ. वय २९, वजन ५८ किलो, सिगारेट नाही. दीड वर्षापूर्वी दुर्बिणीने निदान झालं: डाव्या बाजूचा अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा), गुदद्वारापासून ४० सेंमीपर्यंत. मेसालामाइनच्या (आतड्याची सूज कमी करणाऱ्या) गोळ्या रोज २.४ ग्रॅम. प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) ४० मिग्रॅ दिलं की शौचातून पडणारं रक्त थांबतं, डोस १० च्या खाली आला की पुन्हा पडतं. असं दोनदा झालं. सध्या डोस १५. ठाण्याचे डॉक्टर म्हणतात, आणखी एक कोर्स करू. वाशीचे म्हणतात, अ‍ॅझाथायोप्रिन. दादरचे म्हणतात, थेट टोफासिटिनिब. दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या. कोणाचं ऐकावं?

पाचपाखाडी:
तिसरा कोर्स तेवढा नको. १० च्या खाली येताच दुखणं उसळतं, म्हणजे आतडं स्टिरॉइडवर अवलंबून झालंय. स्टिरॉइड आग विझवतं, पण आजार शांत ठेवण्यासाठी ते चालत नाही. हाडं, साखर, डोळे यांना त्रास मात्र होतो. तरी गोळी एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड मंदावलेलं असतं, अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळू शकतो.

वाशी आणि दादर यांच्यात मला भांडण दिसत नाही, फरक वेळेचा आहे. अ‍ॅझाथायोप्रिनला लागू पडायला ८ ते १२ आठवडे लागतात, तोवर स्टिरॉइड हळूहळू कमी करत न्यावं लागतं. टोफासिटिनिबचा फरक बहुधा पहिल्या काही आठवड्यांत कळतो: १० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ८ आठवडे, मग ५ मिग्रॅ दोनदा. दोघांनाही एकच विचारा: "तीन महिन्यांनी नेमकं काय दिसलं म्हणजे औषध लागू पडलं म्हणायचं, आणि नाही पडलं तर पुढे काय?" नुसतं "बरं वाटेल" हे उत्तर पुरेसं नाही. स्टिरॉइड पूर्ण बंद, रक्त बंद, कॅलप्रोटेक्टिन (शौचाच्या तपासणीत आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) खाली आणि पुढे दुर्बिणीत भरून आलेलं अस्तर, असं उत्तर यायला हवं.

पण औषध वाढवण्याआधी दोन गोष्टी राहिल्यात असं वाटतं. एक, एनिमा (गुदद्वारातून आत सोडायचं पातळ औषध). आजार डाव्या बाजूला असताना नुसत्या गोळ्यांचं औषध खालपर्यंत कमी पोचतं. रात्री ४ ग्रॅम मेसालामाइनचा एनिमा आणि सोबत गोळ्या, हे नुसत्या गोळ्यांपेक्षा सरस ठरतं. गोळ्यांचा डोसही ४.८ ग्रॅमपर्यंत नेता येतो. एनिमा थंडगार असेल तर कळ येऊन लगेच बाहेर पडतो. बाटली खोलीच्या तापमानाला आणा, हलवा, डाव्या कुशीवर अर्धा तास पडून राहा. सुरुवातीला धरवत नसेल तर फोम किंवा सपोझिटरीबद्दल (गुदद्वारात ठेवायची गोळी) विचारा.

दुसरं, संसर्ग. शौचाच्या नमुन्यात क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल हा जिवाणू तपासा. स्टिरॉइडवर असताना दुखणं उसळलं तर बायोप्सीत सीएमव्ही हा विषाणूही बघायला सांगा. संसर्ग असेल तर औषध वाढवून उपयोग नाही. पावसाळ्यात हे आणखी महत्त्वाचं. कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक वा आयबुप्रोफेन घेतलं जातंय का, तेही विचारा, त्यांनीही आजार उसळू शकतो. ताप-दुखण्यावर पॅरासिटामॉल.

ऐरोली७:
चाचण्यांबाबत. अ‍ॅझाथायोप्रिनच्या आधी एनयूडीटी१५ आणि टीपीएमटी (हे औषध शरीराला झेपेल का ते सांगणाऱ्या जनुकांच्या चाचण्या). भारतीयांत एनयूडीटी१५ मधला बदल बऱ्यापैकी आढळतो, आणि तो असेल तर पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरतात, भराभर केस गळतात. सुरुवात साधारण ५० मिग्रॅने. २ मिग्रॅ प्रति किलो धरलं तर ५८ किलोला सुमारे ११६, म्हणजे १०० ते १२५. सीबीसी आणि लिव्हर टेस्ट २, ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, पुढे दर ३ महिन्यांनी. पोटात वर जोराने दुखून उलट्या झाल्या तर गोळी थांबवून लगेच दाखवा, स्वादुपिंडाला सूज असू शकते. गाउटची अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल तर आधी सांगा.

टोफासिटिनिबच्या आधी छातीचा एक्स-रे, टीबीसाठी आयजीआरए (रक्ताची चाचणी), हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, लिपिड. स्टिरॉइड चालू असताना आयजीआरए खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून एक्स-रे सोडू नका. पायात रक्ताची गाठ होण्याचा इतिहास असेल तर हे औषध टाळतात. नागिणीचा धोका वाढतो, लसीचं आधीच विचारा.

कॅलप्रोटेक्टिन दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. किट बदललं की आकडे जुळत नाहीत.

खाडीकाठ:
खूप आभार. एनिमा कोणीच सुचवला नव्हता! चौथं मत घेऊ का? परळला केईएममध्ये दाखवायचा विचार आहे.

पाचपाखाडी:
जरूर, पण आधी वाशी-दादरच्या डॉक्टरांना हे प्रश्न विचारा. केईएमला पोटविकार ओपीडीचा वार आधी विचारून घ्या. ठाण्याहून स्लो लोकलने परळला उतरता येतं. फाइलमध्ये दुर्बिणीचे फोटो, बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणातले ब्लॉक (नुसता रिपोर्ट नको), तारखांसह स्टिरॉइडचे डोस, आणि चालू असलेले काढे-चूर्णही लिहा. यकृताच्या चाचण्या बिघडल्या तर ते लागतं.

आणि एक. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंशांच्या वर किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, यातलं एकही असेल तर ओपीडीचा वार बघू नका. त्याच रात्री भरती करा.