मदत हवी आहे: बाहेरच्या मॉनिटरवर मराठी अक्षरं धूसर दिसतात
नमस्कार मंडळी,

लॅपटॉप १५.६ इंची, १९२० बाय १०८० पिक्सेल, स्केलिंग (अक्षरं-चिन्हं मोठी करून दाखवायचं प्रमाण) १२५ टक्के, विंडोज ११. त्याला एचडीएमआय केबलने २७ इंची फोर-के मॉनिटर जोडलाय. माझं काम मुद्रितशोधनाचं; अनुस्वार, रफार स्वच्छ दिसले नाहीत तर पोटावरच पाय.

मॉनिटर ३८४० बाय २१६० वर १०० टक्के ठेवला की अक्षरं मुंगीएवढी. १५० टक्क्यांना ब्राउझर झकास, पण पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर धुरकट होतं, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीसुद्धा कळत नाही. तीच खिडकी लॅपटॉपच्या पडद्यावर ओढली की लख्ख! त्या सॉफ्टवेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये हाय डीपीआयचा (दाट पिक्सेलच्या पडद्यावर आकार कुणी ठरवायचा, तो) पर्याय ‘ॲप्लिकेशन’वर केला तर अक्षरं रेखीव येतात, पण मेनू इतके बारीक की भिंगच लागेल. ‘सिस्टिम एनहान्स्ड’ने काही फरक नाही. मॉनिटरच १९२० बाय १०८० वर उतरवला तर सगळं फुगीर दिसतं, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

शिवाय मॉनिटरचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो) ३० हर्ट्झवर अडकलाय, माउस रांगतो. पोर्ट एचडीएमआय १.४ असावं असा संशय आहे, त्यावर फोर-के ३० लाच थांबतं. यूएसबी-सी पोर्ट आहे, पण त्यातून डिस्प्ले निघतो की नुसता डेटा, हे केबल घेण्याआधी कसं तपासायचं? दुकानदार काय, ‘सगळं चालतं’ म्हणतो.

आणि लाल अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंग वायसीबीसीआरवर (उजेड आणि रंग वेगवेगळे पाठवायची पद्धत) आहेत, ते आरजीबीवर (लाल-हिरवा-निळा) नेऊन कुणाला फरक पडलाय का?