आईची ११ ची गोळी आणि माझी ७:४२ ची लोकल

चौथी_सीट
आई ७८ वर्षांची, पार्किन्सन्सचं हे नववं वर्ष. घरात आम्ही दोघीच. मी अंधेरीला एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते. डोंबिवलीहून घाटकोपर, पुढे मेट्रो. घर सोडल्यापासून परत येईपर्यंत १२ तास. पावसाळ्यातलं विचारू नका.

गोळ्या सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि रात्री ८ ला. पहिली आणि शेवटची मी देते, मधल्या दोन बाईच्या भरवशावर. ११ ची चुकली की आईचा पुतळा होतो. मागच्या महिन्यात बाई लवकर निघून गेली होती. मी आले तर आई बाथरूमच्या उंबऱ्यात उभी, हात चौकटीला, पाय खिळलेले. कधीपासून उभी आहेस विचारलं तर म्हणाली, "समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या ना, तेव्हापासून."

नर्सिंग ब्युरोच्या चार बाया तीन महिन्यांत झाल्या. दिवसाचे ८०० रुपये, आणि प्रत्येकीला पहिल्यापासून शिकवायचं. एकीने तर "आजी झोपल्या होत्या" म्हणून ११ ची आणि ३ ची एकदमच दिली.

भाऊ बंगळुरूला. रोज व्हिडिओ कॉलवर आईला व्यायाम सांगतो. आई छान हसते त्याच्याशी. (ती गोळी चढलेली वेळ असते, हे त्याला कोण सांगणार?)

मी ४९ ची. नोकरी सोडू का? आईला बाबांची फॅमिली पेन्शन आहे, मला पीएफ सोडून काही नाही. यातून गेलेल्यांनीच सांगा. "आईवडिलांची सेवा हेच पुण्य" वाले कृपया नकोत.

निवृत्त_सिस्टर
ताई, नोकरीचं नंतर, आधी गोळीचं बोलू. जेवण किती वाजता? गोळी लेव्होडोपाची (पार्किन्सन्सचं नेहमीचं औषध) असेल तर डाळ, दही, पनीर, अंडं अशा प्रथिनांसोबत ती नीट लागू पडत नाही. आतड्यातून आत शिरायची वाट दोघांची एकच, त्या गर्दीत गोळी मागे राहते. जेवणाआधी अर्धा तास तरी द्या. चुकलेली गोळी पुढचीत जोडायची नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजला चिकटवा. वेळा मात्र न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय हलवू नका, आणि मनाने बंद तर कधीच करू नका.

उंबऱ्यासाठी एक करून बघा. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा, पाऊलभर अंतराने. नुसतं चाल म्हटलं तर पाय उचलत नाही, पण पट्टी ओलांडायला उचलतो. नाहीतर आरतीसारखा टाळ्यांचा ठेका धरा.

सोडून_बसले
मी सोडली होती, २०१९ ला, सासऱ्यांसाठी. सहा महिने बरं वाटलं. मग सगळ्यांनी धरूनच चाललं की ही मोकळीच आहे. बँक हिने करायची, गॅसवाला आला तर हिने थांबायचं, नणंदेच्या मुलाला शाळेतून आणायचंही हिनेच. २०२२ ला मामंजी गेले. तेव्हा मी ५२ ची. मुलाखतीत तीन वर्षं काय केलंत विचारलं की काय सांगायचं?

सोडू नका. भावाकडे सल्ला नको, पैसे मागा. बाईचा अर्धा पगार, दर महिन्याच्या १ तारखेला. मागायला लाज वाटते. मलाही वाटली होती.

कागदपत्रवाले_काका
१) आईचा पेन्शनचा हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून घरीच होतो. त्यासाठी रजा घालवू नका.
२) ७० वर्षांपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर, रोजच्या गोळ्यांना नाही.
३) पार्किन्सन्स २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे. दिव्यांगत्व ४०% किंवा जास्त असेल तर आयकराच्या जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ रुग्णाच्या उपचारखर्चावर १ लाखापर्यंत वजावट (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडीबी). आई तुमच्यावर अवलंबून असावी लागते. त्यांना पेन्शन आहे, म्हणून सीएला विचारून घ्या. अर्थात अकाउंट्सवाल्या बाईंना मी काय सांगणार!

चौथी_सीट (तीन आठवड्यांनी)
काका, अकाउंट्सवाल्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म १६ काढले, आईचं कलम काही पाहिलं नव्हतं.

सिस्टर, बाई ११ ची गोळी वरणभाताच्या घासातच देत होती! डॉक्टरांनी वेळा तशाच ठेवल्या, जेवण १२ ला नेलंय. पुतळा होणं थांबलं नाही, पण कमी झालंय. मंगळवार-गुरुवार घरून काम मिळालं, मार्चअखेर सोडून. राजीनामा तूर्त नाही.

भावाकडे मागितले. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "किती?" १ तारीख अजून यायची आहे.

लाल पट्ट्या रविवारी लावल्या. आई चौकटीला धरून बघत राहिली. म्हणाली, "हे काय गं, लंगडी खेळायचीय का?" आणि ओलांडली.