पिकासो ट्रिगरने क्लाउनची शेपटी तोडली, आता कोणाला हलवू?

रामबागेतली

नमस्कार मंडळी. इंदूरला घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, चार बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे अडीचशे लिटर. खाली सम्प (गाळणीची दुसरी टाकी) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र). क्लाउन माशांची जोडी पाच वर्षांपासून आहे, फॉक्सफेस मासा तीन वर्षांपासून. गेल्या दिवाळीनंतर मुंबईहून पिकासो ट्रिगर मासा मागवला. अवंतिका एक्सप्रेसने थर्माकोलच्या खोक्यात आला तेव्हा माझ्या अंगठ्याएवढा होता. आता 12 सेंटिमीटर भरतो.

पहिल्याच रात्री क्लीनर श्रिंप (टाकीतली कोळंबी) गेली. सकाळी वाळूवर नुसत्या पांढऱ्या मिशा. मग हर्मिट क्रॅब एकेक करून संपले, रिकामे शंख उलटे पडलेले. ते मी समजून घेतलं, कारण समुद्रात तो हेच खातो आणि आणण्याआधी मी चौकशी करायला हवी होती. पण परवा क्लाउनच्या मादीची अर्धी शेपटी गेली. पॉवरहेडमागचा (पाणी फिरवणाऱ्या पंपामागचा) कोपरा तिचा, तिथे शिरून त्याने तोडली. आज ती खायलाही बाहेर आली नाही.

सगळे सांगतात ट्रिगर परत कर. पण सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं नेहरू पार्कला जाणं बंद झालंय आणि संध्याकाळ या माशापाशी जाते. त्यांनी खुर्ची ओढली की त्या आवाजाने तो काचेशी येतो. एक डोळा त्यांच्या हातातल्या डब्यावर, दुसरा मागे फॉक्सफेसकडे, दोन्ही वेगवेगळे फिरतात. मला दोघंही हवे आहेत, तो आणि क्लाउन. काही मार्ग आहे का?

ग्वाल्हेर रीफ

ट्रिगर दुकानात परत द्या. चार फुटांत क्लाउनसोबत हा मासा ठेवायचाच नसतो. पुढच्या वेळी निळ्या गळ्याचा ट्रिगर घ्या, तो पाण्यात तरंगणारं बारीक अन्न खातो आणि स्वभावानेही बराच शांत असतो.

सुदामानगर, चौदा वर्षं खारं पाणी

ताई, आधी आजचं काम. भाजी धुवायची मोठी जाळीची टोपली घ्या, क्लाउनची जोडी तिच्यात घालून त्याच टाकीत काठाशी अडकवा, वर झाकण ठेवा. पाणी तेच राहील आणि ट्रिगरचं तोंड पोहोचणार नाही. शेपटीचं मूळ शाबूत असेल तर ती पुन्हा वाढते. कडेला कापसासारखं पांढरं दिसलं तर लगेच कळवा.

आता खरा प्रश्न. सगळे ट्रिगरला हलवायला सांगतात, मी म्हणेन क्लाउनला हलवा. दोन क्लाउनना दोन फुटांची, सत्तर-ऐंशी लिटरची टाकी पुरते. ट्रिगरला वेगळं करायचं तर सहा फुटी लागेल आणि ती आज उभी राहणार नाही. छोट्या टाकीतलं निम्मं पाणी सध्याच्या टाकीतून घ्या, दोन-तीन लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले खडक) आणि सम्पमधला जुना स्पंज टाका, म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू तयारच मिळतील. बाकीचं पाणी आरओचं, मीठ लिटरमागे साधारण 35 ग्रॅम, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) 1.025. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा आरओचे दोन कॅन भरून ठेवत जा.

ट्रिगर दुष्ट नाही हो. हा मासा आपली जागा राखणारा आहे. अंदमानात स्वराज द्वीपला डायव्हिंग केलं तेव्हा आमचा गाइड टायटन ट्रिगरच्या घरट्याजवळून आम्हाला आडव्या दिशेने घेऊन गेला, वर जाऊ दिलं नाही. घरट्याच्या वरचं नरसाळ्यासारखं रुंद होत जाणारं सगळं पाणी घरटं राखणारी मादी आपलं समजते. काचेच्या चार फुटांत असा मासा सगळी टाकीच आपली समजायला लागतो. म्हणून त्याच्यासोबत कोण हे ठरवताना त्याच्यापासून सुरुवात करायची. मी हे उशिरा शिकलो. नारिंगी रेघांचा अंड्युलेट ट्रिगर आणला होता. दोन डॅमसेल आणि एक टँग हे मासे गेल्यावर कळलं की तो एकटाच राहणार. त्यानंतर आणलेला नायजर ट्रिगर सहा वर्षांपासून दोन टँगबरोबर सुखाने आहे.

तुमचा फॉक्सफेस टिकेल. त्याच्या पाठीवर विषारी काटे असतात, ट्रिगर सहसा त्याच्या वाटेला जात नाही. मात्र लायनफिश आणू नका, तिचे लांब पर तो कुरतडेल.

दातांचंही बघा. ट्रिगरचे दात आयुष्यभर वाढतात, नुसती सोललेली कोळंबी घातली तर झिजत नाहीत. सालासकट कोळंबी द्या, आठवड्यातून एकदा शिंपल्यासकट तिसऱ्या, अधूनमधून नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ). पोट भरलेला ट्रिगर कमी भांडतो, पण अन्न जास्त झालं तर पाणी बिघडतं, म्हणून दिवसातून दोनदा थोडं थोडं. हीटरला जाळीचं आवरण घाला, वायर चावायची सवय असते.

आणि त्याला कधी पकडावं लागलं तर जाळं वापरू नका. पाठीचा पहिला काटा उभा केला की दुसरा छोटा काटा त्याला कुलूप लावतो. त्यानेच तो खडकात अडकून बसतो आणि जाळ्यातही अडकतो. दुसरा काटा हलकेच दाबला की पहिला आडवा होतो, पण हातात धरून हे करायची वेळ येऊ देऊ नका. पारदर्शक डबा पाण्यात धरा, कोळंबीचा तुकडा आत ठेवा, तो आपणहून येईल.

रामबागेतली

टोपली बसवली. दोघं आत आहेत, मादीने आत्ताच दोन घास घेतले. सालासकट कोळंबीचं सासऱ्यांना सांगितलं. आमच्या स्वयंपाकघरात ती येत नाही, बाल्कनीतल्या जुन्या छोट्या फ्रीजमध्ये तिचा डबा आहे, तो तेच सांभाळतात. आज त्यांनी सालीचा तुकडा टाकला आणि खोलीच्या या टोकाला मला कटकट असा आवाज ऐकू आला.

एक विचारायचं राहिलं. सहा फुटी टाकी पुढच्या वर्षी घेतली तर वरच्या मजल्यावर चालेल का? आमचं घर जुनं आहे.

सुदामानगर, चौदा वर्षं खारं पाणी

नका ठेवू. सहा बाय दोन बाय दोन फूट म्हणजे 680 लिटर. खारं पाणी, काच, खडक आणि लोखंडी स्टँड धरून वजन टनाच्या आसपास जातं. तळमजल्यावर, भिंतीलगत ठेवा. शिवाय मे महिन्यात वरचा मजला तापतो, पंख्याने पाणी 27 अंशांवर ठेवणं अवघड जातं. पंख्याने वाफ होऊन उडालेलं पाणी भरताना मात्र नुसतं आरओ घाला, मिठाचं नाही.

रामबागेतली

मग खालची पुढची खोली, सासऱ्यांच्या खुर्चीसमोर. दोन फुटी टाकी रविवारी आणते, तेव्हा क्लाउनच्या शेपटीचा फोटो टाकते.